८५ ला अर्थ

नाना पेठेत दुपारी तीनला ऊन शटरखालून आत येतं
आणि तांबोळी मामांच्या चपलांपाशी थांबतं.
तेव्हा घैसास आले. पिवळी करिझ्मा, २००९ची,
हँडलला पिशवी, पिशवीत धुक्याचे दोन दिवे,
मोबाईलचा चार्जर, हात गरम ठेवणाऱ्या ग्रिपा,
आणि वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर यादी, नंबर घालून.
"एवढं सगळं एका बॅटरीवर बसेल ना?"
"बसवणारा नीट असला तर बसेल," मामा म्हणाले.
"सुपे, घे."

सुपे म्हणजे मी. औंधच्या आयटीआयतून वायरमन.
वर्गात सव्वीस मुलगे आणि मी, इथे नुसती मी.

आधी निगेटिव्ह सोडवायचा. नेहमी.
बॅटरीपासून वीतभरावर मुख्य फ्यूज, तीसचा, हिरवा:
बिनराखणीची वायर वीतभरच असावी.
तिथून रिलेच्या ३० ला.
८७ मधून फ्यूजबॉक्सला. दिव्यांना लाल दहा,
ग्रिपांना दहा, चार्जरला पाच पुरे.
८६ ला मागच्या दिव्याची बारीक वायर;
किल्ली फिरली की तिने फक्त कळवायचं, मालक आलाय.
ओझं तिने उचलायचं नाही.
८५ ला अर्थ.

मामांच्या वहीत असंच आहे, जाड पेन्सिलीने.
"अर्थ लागतोय का बघ," ते म्हणतात,
पहिल्या आठवड्यात मला वाटलं धडा विचारतायत.
आता मीटरचा एक पाय वायरीला, एक चेसिसला,
बीप वाजला की मी म्हणते, लागला.
रंगावर लागत नाही. खरवडावं लागतं.
पिवळ्याखाली राखाडी, राखाडीखाली लोखंड.

मग गाडीचा जुना फ्यूज काढायला गेले
तर तिथे फ्यूज नव्हताच.
चांदी. चॉकलेटची, घडी घालून दाबलेली,
एका कडेला अजून जांभळी.
मामांनी चष्मा वर केला आणि गप्प बसले.
म्हणजे बोलायचं मी.
"काका, हे कोणी केलं?"
"मीच. खंबाटकीत, रात्री साडेअकराला.
मागे अनुया, नऊ वर्षांची. म्हणाली, बाबा, ही घ्या,
चमकते म्हणजे करंट असेल.
लागली की गाडी. मग राहूनच गेलं."
"किती वर्षं झाली?"
"ती आता डब्लिनला असते."

मी सांगणार होते की ही जळत नाही
म्हणून मागचं सगळं जळतं,
फ्यूजचं काम टिकणं नाही, वेळेवर तुटणं.
सांगितलं नाही. वायर दाखवली:
चार बोटं लांब, काळी, चिकट, फुगलेली.
त्यांनी बोट लावून पाहिलं.
"बरीच वर्षं तापत असणार."
"हो."
"वास कसा आला नाही मला?"

तेवढी तोडली. नवी जोडली, स्लीव्हवर लायटर फिरवला,
पंधराचा निळा बसवला,
आणि दोन जादा फ्यूज टेपने सीटखाली चिकटवले.

साडेसहाला किल्ली. टिक्.
कोपऱ्यात उंदराने सुपारी फोडावी तसा आवाज.
मामा त्या आवाजावरच मान हलवतात,
दिव्यांकडे बघतसुद्धा नाहीत.
समोरच्या टायरवाल्याच्या भिंतीवर दोन पांढरे गोळे पडले,
आतून शिवी आली.
घैसासांनी ग्रिपा धरल्या, धरून बसले.
डावीकडच्या दोन बोटांना काही कळत नाही म्हणाले,
आजारपणानंतर. तिसऱ्याला कळतंय.

पैसे मोजून दिले, पावती मागितली.
"त्या चांदीचं काय करू?"
"टाक कचऱ्यात."
गेले. चौकापर्यंत आवाज ऐकू येत होता,
मग तोच आवाज परत जवळ आला.
गाडी बंद न करता हात पुढे केला.
मी चिमट्यानेच दिली. शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी.

मामा म्हणाले, शटर घे अर्धं,
डास येतात.